मांजराला लंघन मानवत नाही

गेल्या काही महिन्यांत एक मेसेज माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर हाच: ‘मांजर आजारी पडलं की स्वतःच उपास करून बरं होतं, निसर्गाने त्याला ती बुद्धी दिली आहे. पाणी पीत असेल तर चार-पाच दिवस काळजी करू नये. हळद घातलेलं कोमट दूध द्यावं. अंग गरम लागलं तर तापाची पाव गोळी. जोर करत बसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजावं. तरीही खाल्लं नाही तर तोंड उघडून भरवावं. घुरघुरत असेल तर बरं आहे असं समजावं. डॉक्टरकडे नेऊ नये, मांजर धसक्यानेच दगावतं.’ खाली हात जोडलेले आणि ‘प्राणिप्रेमींपर्यंत पोहोचवा’.

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मला ठाऊक आहे. पण यातली बहुतेक वाक्यं मांजराच्या जिवावर बेतणारी आहेत, आणि त्यातलं पहिलं वाक्य खरं धरून मी स्वतः तीन दिवस वाया घालवले आहेत. म्हणून एकेक घेऊन लिहिते.

पहिलं, उपासाचं. हे आपल्याला पटकन पटतं, कारण ‘लंघनं परमौषधम्’ ऐकत आपण मोठे झालो. ताप आला की आजी पेजेवर ठेवायची आणि दोन दिवसांत माणूस उठून बसायचा. आजारपणात प्राण्यांची भूक मंदावते हेही खरंच आहे. पण माणूस उपाशी राहिला की त्याचं शरीर काटकसर सुरू करतं, प्रथिनं राखून ठेवतं आणि साठवलेली चरबी जाळतं. मांजराच्या शरीराला ही काटकसर जमत नाही. ते निव्वळ मांसाहारी जनावर. त्याचं यकृत प्रथिनं मोडण्याचं काम सतत करत असतं आणि खाणं थांबलं तरी तो वेग फारसा उतरत नाही. अंगातली चरबी मग सुटून यकृताकडे येते, पण ती तिथून पुढे पाठवायला लागणारी प्रथिनंच आत आलेली नसतात. चरबी यकृताच्या पेशींमध्ये साचत जाते, पेशी फुगतात, पित्त अडतं आणि कावीळ होते. कावीळ झाली की मळमळ वाढते, त्यामुळे मांजर आणखी खात नाही. मूळ आजार किरकोळ असला, अगदी नुसती भीती असली, तरी हा दुसरा आजार उपासातूनच उभा राहतो. गुबगुबीत मांजराला धोका जास्त, कारण सुटायला चरबी जास्त.

आमची मनी तेव्हा ७ वर्षांची होती, वजन ६ किलोच्या घरात. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, खाली ढोल-ताशा. ती कपाटाखाली गेली आणि तिने खाणं सोडलं. पाणी पीत होती. सोसायटीतल्या एका जाणत्या माणसाने हाच सल्ला दिला, आणि मी तो मानला. चौथ्या दिवशी सकाळी तिला खिडकीत घेऊन बसले, तेव्हा उन्हात कानाची आतली कातडी पिवळी दिसली. ओठ वर करून पाहिला, तर हळदीचा हात लागल्यासारख्या हिरड्या. आदल्या रात्री ट्यूबलाइटमध्ये यातलं काहीच दिसलं नव्हतं. म्हणून सांगते, मांजराचा रंग पाहायचा तर दिवसाउजेडी पाहा.

त्या आजारावर खरं औषध अन्नच असतं, आणि ते पोहोचवायला डॉक्टरांनी मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवली. ऐकायला भयंकर वाटतं, पण मनीला तिचा त्रास फारसा झाला नाही. नळी जागेवर राहावी म्हणून जुन्या मऊ धोतराची पट्टी मानेभोवती गुंडाळायची. अन्न मिक्सरमध्ये पातळ करून चहाच्या गाळणीतून गाळायचं, कारण एक बारीक गुठळीही नळी बंद करते. आधी कोमट पाणी, मग अन्न अगदी सावकाश, मग पुन्हा पाणी. दिवसातून सहा वेळा. पहिल्या दिवशी गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच दिलं, कारण उपाशी शरीरावर एकदम अन्न ओतलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्याने उतरतं. पाच आठवडे हे चाललं. वेळेत आणि पुरेसं अन्न पोटात गेलं तर या आजारातून बहुतेक मांजरं वाचतात. न दिलं तर बहुतेक मरतात.

‘पाणी पितंय म्हणजे ठीक’ हे त्याच वाक्याचं शेपूट. मनी पाणी पीतच पिवळी झाली. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, आणि दुसरा दिवस उलटायच्या आत ते तपासलं गेलंच पाहिजे. पिल्लांना एवढीही मुभा नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाने अर्धा दिवस खाल्लं नाही तर निघावं, कारण त्यांच्या अंगात साठाच नसतो. आणि ‘थोडं खातंय’ म्हणताना किती ते बघा. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. पेजेचे दोन चमचे आणि ग्रेव्ही चाटणं यात त्याचा पाव हिस्साही भरत नाही.

हळद-दुधाचं थोडक्यात. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि आधीच सुकलेल्या जिवातलं पाणी आणखी जातं. दूध-पोळीवर वाढलेली मांजरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, पण ती उंदीर आणि मासळीवर जगत होती, दूध-पोळीवर नव्हे. हळदीने भूक येत नाही. याहून मोठी भीती घरच्या चिकन सूपची. प्रेमाने दिलेल्या त्या सुपात कांदा-लसूण असतो, आणि तो कच्चा असो, शिजवलेला असो की पावडर असो, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्यायचं तर नुसत्या पाण्यात, मीठही न घालता उकडलेलं चिकन.

आता तापाची गोळी. हा सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा: मांजराला पॅरासिटामॉल द्यायचं नाही. पाव नाही, कण नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. हे औषध निकामी करून बाहेर टाकायला आपलं यकृत जी रासायनिक जोडणी वापरतं, तिचं जनुक मांजराच्या जातीत मोडलेलं आहे. मग औषध दुसऱ्याच वाटेने विष बनतं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं, रक्त चॉकलेटी दिसायला लागतं, हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. हिशेब करून पाहा: ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मिलिग्रॅम. ४ किलोच्या मांजराला किलोमागे ३१ मिलिग्रॅम झालं, आणि किलोमागे १० मिलिग्रॅमनेसुद्धा विषबाधा झालेली आहे. आयबुप्रोफेन आणि तत्सम आपल्या वेदनाशामक गोळ्याही बाद. चुकून दिलीच गेली असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका. गोळीचं पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखान्यात जा आणि जे दिलं ते न लाजता सांगा. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत जास्त चालतो.

शिवाय ‘अंग गरम लागलं’ याला अर्थच नाही. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हाताला निरोगी मांजरही गरमच लागतं. कोरडं नाकही तापाची खूण नाही. उन्हात झोपून उठलेल्या प्रत्येक मांजराचं नाक कोरडं असतं.

एरंडेलाच्या वाक्याने किती बोके गेले असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मागची बाजू चाटत राहतो आणि जेवण सोडतो. घरच्यांना वाटतं, शी होत नाही. पुष्कळदा अडलेली असते ती लघवी. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट बोळा अडकतो. मूत्राशय तुंबतं, मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण अडल्यापासून एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. त्यातले बारा तास एरंडेलाचा गुण येण्याची वाट पाहण्यात गेले, तर उरतं काय? वर ते तेल पाजताना श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. ट्रेमधली वाळू बघा: लघवीचे गोळे नसतील किंवा थेंबभरच ओल असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून मार्ग मोकळा करणं डॉक्टरच करू शकतात.

भरवण्याबद्दलचं वाक्य पूर्ण खोटं नाही, अर्धवट आहे. डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि मांजर शुद्धीत असेल, मान धरत असेल, नीट गिळत असेल, तर बिनसुईच्या सिरिंजने पातळ अन्न देता येतं. त्याला चार पायांवर नीट बसवून, सुळ्याच्या मागे ओठाच्या कडेने, अर्धा-एक मिलिलिटर आणि मग गिळेपर्यंत थांबायचं. बाळासारखं उताणं धरून, जबडा फाकवून घशात ओतायचं नाही. उलट्या होत असतील किंवा श्वास भरभर चालला असेल तर सिरिंज हातातसुद्धा घेऊ नका. यात आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही: मळमळत असताना जे तोंडात कोंबलं जातं, त्या अन्नाचा मांजर कायमचा धसका घेतं. बरं झाल्यावरही ते खाणं बघून तोंड फिरवतं. म्हणून आधी मळमळ थांबवायची, मग भूक वाढवायची. दोन्हींसाठी औषधं आहेत. भुकेसाठी मिर्टाझापिन पुष्कळ ठिकाणी वापरतात, पण माणसांच्या गोळीचा किती बारीक तुकडा आणि किती दिवसांनी, हे वजन आणि रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरच ठरवतील.

ज्याचं नाक सर्दीने बंद आहे त्याची अडचण वेगळी. मांजर वासावर जेवतं. वास येत नसेल तर समोर बांगडा ठेवला तरी ते हुंगून परत जातं. अशा वेळी कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने नाक पुसायचं, गरम पाण्याचा नळ सोडून वाफ धरलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं त्याला घेऊन बसायचं, आणि अन्न आपल्या मनगटाला कोमट लागेल इतकं गरम करून द्यायचं. वाफेच्या पाण्यात निलगिरी, कापूर, बाम काहीही टाकायचं नाही. त्याच सर्दीत जिभेवर फोडही येतात. मांजर ताटलीपर्यंत येतं, एक घास घेतं आणि पंजाने तोंड झटकतं. ते ‘नखरे’ नसतात, त्याला दुखत असतं. तोंड बघाल तेव्हा जिभेखालीही बघा, विशेषतः संक्रांतीच्या दिवसांत. मांजा किंवा शिवणाचा दोरा तिथे अडकलेला असतो आणि दुसरं टोक आतड्यात गेलेलं असतं. दिसला तर ओढू नका, ओढताना आतडं कापलं जातं.

घुरघुर ही खुशालीची पावती नाही. मांजरं वेदनेत, प्रसूतीत आणि मरणाच्या दारातही घुरघुरतात. मनी नळी बसवायच्या आदल्या दिवशी माझ्या मांडीवर घुरघुरत होती, आणि मी त्यावर विसंबले.

राहिलं डॉक्टरकडे न नेण्याचं. मांजर प्रवासात घाबरतं, हे खरं. पण ती भीती कमी करता येते, अडलेली लघवी घरी बसून सुटत नाही. टोपली किंवा कॅरियर दोन दिवस आधीच घरात उघडी ठेवता आली तर उत्तमच. तेवढा वेळ नसेल तर त्याची रोजची चादर आत घाला, वरून टॉवेल टाकून अंधार करा, रिक्षात मांडीवर न घेता पायांशी घट्ट धरा, आणि दवाखान्यात कुत्र्यांपासून लांब, उंचावर ठेवा. गावात फक्त गुरांचा सरकारी दवाखाना असेल तरी तिथे जा. तिथला डॉक्टरही पशुवैद्यकाची पदवी घेतलेला असतो, मांजर त्याच्या अभ्यासात होतं. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात तर पिढ्यान्‌पिढ्या लोक पिशवीत घालून मांजरं नेत आले आहेत.

फोन करण्याआधी हे कागदावर लिहून घ्या: शेवटचं पोटभर कधी खाल्लं, शेवटची लघवी आणि शी कधी, उलटी झाली का आणि तिचा रंग, वजन, लसी, घरात कुठलं औषध दिलं गेलं का, आणि फरशी कशाने पुसता. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण काळ्या फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि तोंड भाजून घेतं. डॉक्टर हे विचारतील. आमच्याकडे मनीच्या टोपलीला अजूनही एक वही सुतळीने बांधलेली आहे. त्यात रोजचं वजन आहे, पहिल्या पानावर ५.२ किलो.