स्टीव्हन विल्सनचे आठ अल्बम आणि माझा क्रम

पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश रॉक बँड २००९च्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात वाजवून गेला, तेव्हा त्याचा गायक-गिटारवादक स्टीव्हन विल्सन याचा एकच एकल अल्बम निघाला होता. आता आठ झाले आहेत आणि पहिल्या क्रमांकावरूनच चाहत्यांमध्ये जुंपते. बहुतेकांचा कौल ‘द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग’ला (२०१३) असतो, माझा मात्र ‘हँड. कॅनॉट. इरेज.’लाच (२०१५) आहे.

‘रेव्हन’ थोर आहे, यात वाद नाही. ध्वनिमुद्रणाला ॲलन पार्सन्स, ड्रम्सवर मार्को मिनेमन, गिटारवर गथ्री गोवन! ‘ड्राइव्ह होम’च्या शेवटी गोवनची गिटार सुटली की माझ्या हातातले काम आजही थांबते. तरीही, गवई तानांच्या आहारी गेला की बंदिशीचे शब्द हरवावेत, तशी त्या अल्बमाच्या गाण्यांतली माणसे वादकांच्या तयारीखाली अधूनमधून दिसेनाशी होतात.

‘हँड. कॅनॉट. इरेज.’मध्ये वादक बहुतांशी तेच आहेत, पण लगाम गोष्टीच्या हाती आहे. जॉइस कॅरल व्हिन्सेंट ही ३८ वर्षांची स्त्री लंडनमधल्या आपल्या घरात २००३च्या डिसेंबरात वारली आणि थेट २००६च्या जानेवारीत सापडली, तेव्हा टीव्ही चालूच होता. त्या घटनेवरून विल्सनने एक काल्पनिक नायिका उभी केली. त्यातल्या ‘रुटीन’मध्ये नवरा आणि मुले गमावलेली एक बाई रोजची घरकामे नेटाने उरकत राहते, गायिका निनेट तायेब बराच वेळ दबल्या आवाजात गाते आणि मग जो टाहो फोडते, तो कितीदाही ऐकला तरी अंगावर येतो.

तिसरा ‘ग्रेस फॉर ड्राउनिंग’ (२०११). त्या काळात विल्सन किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडच्या जुन्या अल्बमांचे नव्याने मिश्रण करत होता आणि २३ मिनिटांच्या ‘रेडर टू’मध्ये तो सहवास लपत नाही. दोनच दीर्घ रचनांचा ‘द ओव्हरव्ह्यू’ (२०२५) चौथा. ‘इन्सर्जेंटेस’, ‘द हार्मनी कोडेक्स’ आणि ‘टू द बोन’ यांचा क्रम माझ्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो.

शेवटचा अर्थातच ‘द फ्यूचर बाइट्स’ (२०२१). इलेक्ट्रॉनिक वळणाबद्दल माझी तक्रार नाही. ग्राहकवृत्तीवरचा उपहास मात्र फार वरवरचा वाटतो. त्याला अपवाद ‘पर्सनल शॉपर’चा, कारण तिथे एल्टन जॉन खरेदीच्या वस्तूंची यादी कोरडेपणाने वाचतो आणि त्यात डीलक्स बॉक्स सेटचे नाव आले की माझी नजर आपोआप माझ्याच कपाटाकडे वळते.