ते बटण काल इथंच होतं!

काल संध्याकाळी होतं. उजवीकडे खाली, निळं, ठसठशीत. आज सकाळी नाही! रात्रीत कुणीतरी डिजिटल फळ्याचं ॲप 'अधिक सोपं' करून टाकलं आणि त्या सोपेपणाने माझा 35 मिनिटांचा तास गिळला.

हृदयाचे चार कप्पे शिकवायचे होते. झडपा उघडतात-मिटतात ते हलतं चित्र करण्यात अख्खा रविवार घातलेला. डिजिटल फळा सुरू केला तर म्हणे, 'नवीन काय आहे ते पाहा'. नाही बघायचं मला! 'वगळा' कुठाय? 'वगळा' नाहीच, 'पुढे' आहे. पुढे, पुढे, पुढे, 'चला, सुरू करू या', आणि थेट लॉगिनचा पडदा. अरे, कालपर्यंत ओळखत होतास ना मला? पासवर्ड टाकला. चूक. परत टाकला. चूक. मग ओटीपी. ओटीपी मोबाईलवर आणि मोबाईल स्टाफरूममध्ये, कारण वर्गात मोबाईल आणायचा नाही, हे दर सोमवारी मुलांना मीच ऐकवते. दोन मजले उतरले, दोन मजले चढले. वर पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. हृदय कसं धडधडतं याचं प्रात्यक्षिक तेवढं वर्गाला फुकटात झालं.

तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, शेवटी उद्गारचिन्ह आहे."

"कशाच्या?"

"तुमच्या पासवर्डच्या."

हजेरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय मी. मोठ्या अक्षरात. गेल्याच आठवड्यात याच वर्गाला पासवर्ड कसा जपावा यावर तासभर व्याख्यान दिलं होतं. असो.

हृदय आलं, पण बंद पडलेलं. हलवायचं बटण तीन टिंबांत गेलंय, हे मागच्या बाकावरून कळलं. त्या तीन टिंबांचा मला मनस्वी तिटकारा आहे. शब्द लिहा की सरळ! आणि सेव्ह करायला अजून फ्लॉपीचं चित्र. जी वस्तू या मुलांनी जन्मात पाहिली नाही ती अमर, आणि माझं बटण मात्र एका रात्रीत बेपत्ता.

फ्लॅशचं, म्हणजे हलती चित्रं चालवणाऱ्या त्या जुन्या सॉफ्टवेअरचं, दुःख तर काढूच नका. पेशीविभाजन, पचनसंस्था, सगळे पाठ त्यात होते. 31 डिसेंबर 2020 ला त्याचा आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून ते चालायचंच बंद झालं. पचनसंस्थेच्या जागी राखाडी चौकोन. वर प्रशिक्षणात सांगतात, 'तंत्रस्नेही' व्हा. अहो, स्नेह दोन्हीकडून लागतो! सांगणारा शेवटचा वर्गावर कधी उभा राहिला होता देव जाणे. स्लाइड मात्र अक्षर न् अक्षर वाचून दाखवतो. हजेरी ॲपवर घ्यायची, आणि वहीतही घ्यायची. का? ॲपचा भरवसा नाही म्हणून!

गृहपाठाचं काय सांगू. परवाच्या वहीत पहिलीच ओळ, 'नक्कीच! खाली तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.' सुवाच्य अक्षरात, समास सोडून. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं. मजकूर यंत्राचा की माणसाचा, हे ओळखणारं साधन त्याच कंपनीने जानेवारी 2023 मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत गुंडाळलं. बनवणाऱ्यांना ओळखता आलं नाही, आणि मी म्हणे लाल पेनाने ओळखायचं. (ती 'नक्कीच' लिहिणारी वही ओळखली, हा भाग वेगळा.)

बरं, हे आजचं नाही. 1913 साली एडिसनसाहेब सांगून मोकळे झाले होते की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होणार, सगळं चित्रपटातून शिकवता येईल, दहा वर्षांत शाळा पार बदलेल. पुस्तकं आहेत अजून. त्यांना लॉगिन लागत नाही.

आज शेवटची सहा मिनिटं उरली तेव्हा मी खडू उचलला. बाजूच्या जुन्या फळ्यावर हृदय काढलं, जरा वांग्यासारखं झालं. झडपा हातानेच उघडून-मिटून दाखवल्या. मुलं हसली, मीही हसले, घंटा झाली.

उद्या दुसऱ्या तुकडीला हाच पाठ आहे. पासवर्ड बदललाय. या वेळी कुठेही लिहिलेला नाही. विसरले तर पहिल्या बाकावर विचारीन.