‘सगळ्या क्रियापदांना एकच रूप’ असा इंग्रजीचा नियम नाही

नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: ‘अँड’ आलं की सगळी क्रियापदं एकाच काळात हवीत, आधी ‘इंग’ तर पुढेही ‘इंग’च, आणि ‘टू’ किंवा सहायक क्रियापद (‘डू’, ‘हॅव’, ‘विल’सारखं) दरवेळी पुन्हा लिहायचं. हे पाठ करून गेलात तर बरोबर वाक्य चूक ठरवून मार्क घालवाल.

काळाचा पुरावा म्हणून मेसेजमध्ये बाबासाहेबांचं ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ दिलंय. जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरातच त्यांनी हा संदेश दिला होता. रचना अस्सल समांतर, म्हणजे सगळे भाग एकाच रूपातले, आहे, पण तिथे तिन्ही क्रियापदं आज्ञार्थी आहेत. काळाचा प्रश्नच येत नाही. ‘शी स्टडीड इन नागपूर अँड नाऊ वर्क्स इन पुणे’ हे शुद्धच आहे. शिक्षण संपलं, नोकरी चालू आहे. मराठीतही आपण ‘शिकली आणि आता नोकरी करते’ असंच म्हणतो ना?

‘इंग’चा दावा सगळ्यात घातक, कारण त्यानं अर्थच फिरतो. ‘आय सॉ हिम स्टँडिंग निअर झिरो माइल अँड शाउटेड.’ मेसेज वाचून कुणी ‘शाउटेड’चं ‘शाउटिंग’ केलं, तर ओरडणारा मी राहत नाही, तो होतो! म्हणून आधी ‘अँड’ कुणाला कुणाशी जोडतंय ते शोधा. इथे जोडी ‘सॉ’ आणि ‘शाउटेड’ची, ‘स्टँडिंग’ त्या जोडीत नाहीच. ‘शी लाइक्स रीडिंग, टू स्विम अँड सायकलिंग’मध्ये मात्र तिन्ही आवडी एकट्या ‘लाइक्स’वर टेकल्या आहेत, म्हणून तिथे ‘स्विमिंग’च हवं. ‘तिला वाचायला, पोहणं आणि सायकल चालवायला आवडतं’ हे आपल्याही कानाला खटकतंच.

तिसऱ्या दाव्याला राज्यघटनेची उद्देशिकाच उत्तर देते: ‘डू हिअरबाय ॲडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज धिस कॉन्स्टिट्यूशन’. एक ‘डू’ तिन्ही क्रियापदांना पुरला. ‘टू’चंही तसंच. एकदाच लावा किंवा तिन्हीकडे लावा, फक्त ‘टू रीड, राइट अँड टू स्पीक’ अशी सरमिसळ नको. मात्र सामाईक क्रियापद दोन्ही सहायकांना शोभायला हवं. ‘आय हॅव नेव्हर अँड विल नेव्हर चीट’ चूक आहे, कारण ‘हॅव’ला ‘चीटेड’ लागतं. तिथे पूर्ण लिहायचं: ‘आय हॅव नेव्हर चीटेड अँड विल नेव्हर चीट’.