‘कंपन्या फक्त गोळ्या पाडतात’ या दाव्याला उत्तर

सध्या एक दावा भरपूर फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “नवी औषधं जनतेच्या पैशातून विद्यापीठांत शोधली जातात. अमेरिकेत २०१० ते २०१६ या काळात मंजूर झालेल्या २१० नव्या औषधांपैकी एकूण एक औषधामागे सरकारी निधीतलं संशोधन होतं. कंपन्या त्या शोधाच्या फक्त गोळ्या पाडतात आणि नफा खिशात घालतात. विद्यापीठांनी पेटंट घेणं थांबवावं, शोध मोकळे सोडावेत, कंपन्यांचा पैसा नाकारावा. मग औषधं लवकर येतील, स्वस्त होतील आणि निष्कर्ष शुद्ध राहतील.”

या रागाला आधार आहे. जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शोधातून आलेलं औषध त्याच जनतेला परवडत नसेल, तर जाब विचारायलाच हवा. पण यात सुचवलेला उपाय अमलात आला तर त्याची झळ रुग्णांनाच बसेल. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

“२१० पैकी २१०.” आकडा बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. ज्या अभ्यासातून तो आला, त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की या संशोधनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग औषधाच्या रेणूवर नव्हता. तो त्या रेणूने शरीरात ज्याला गाठायचं त्या प्रथिनावर किंवा जनुकावर, म्हणजे लक्ष्यावर होता. लक्ष्य सापडणं ही मोठी गोष्ट आहे, पण लक्ष्य म्हणजे औषध नव्हे. रक्ताच्या एका कर्करोगावरच्या इमॅटिनिबचं उदाहरण घ्या. त्या आजारातलं विकृत गुणसूत्र फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी १९६० मध्ये दाखवलं. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारा रेणू सीबा-गायगी या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी घडवला. तो याच रुग्णांना द्यायला हवा हे ऑरेगनमधले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी लावून धरलं. माणसांवरची पहिली चाचणी १९९८ मध्ये सुरू झाली. तीत रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाली. मंजुरी मे २००१ मध्ये आली. यातला एकही दुवा काढून टाका, औषध उभं राहत नाही.

“कंपन्या फक्त गोळ्या पाडतात.” सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

साधा हिशेब करून पाहा. प्रयोगशाळेत २० ग्रॅम वजनाच्या ४० उंदरांना किलोमागे १० मिलिग्रॅम या प्रमाणात १४ दिवस औषध द्यायचंय. लागणारा माल ११२ मिलिग्रॅम. पीएचडीचा विद्यार्थी तो एका फ्लास्कमध्ये करतो. आता माणसाला पहिला डोस देण्याआधी विषारीपणाच्या चाचण्या लागतात, सहसा दोन जातींच्या प्राण्यांवर, त्यातली एक जात कृंतक (उंदरांसारखी कुरतडणारी) नसलेली. १० किलो वजनाच्या ८ कुत्र्यांच्या एकाच गटाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, २८ दिवस, असं धरलं तरी ११२ ग्रॅम लागतात. बरोबर हजारपट, आणि तेही फक्त एका गटासाठी.

हजारपट म्हणजे मोठं भांडं घेतलं की झालं, असं नाही. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आतलं द्रावण हजारपट होतं, पण भिंतींचं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला पूर्वीच्या एक दशांश जागा उरते. फ्लास्कमध्ये पाच मिनिटांत थंड होणारी अभिक्रिया मोठ्या रिअॅक्टरमध्ये तापत राहते आणि नको ती उपउत्पादनं तयार होतात. मंजुरीसाठी औषधाची नोंदणी करताना, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत डोस असलेल्या औषधात ०.१० टक्क्यापेक्षा (किंवा दिवसाला १ मिलिग्रॅमपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा) जास्त असलेली प्रत्येक अशुद्धी कोणती आहे ते ओळखून दाखवावं लागतं. डायक्लोरोमिथेनसारखा द्रावक (अभिक्रियेत विरघळवण्यासाठी वापरलेला द्रव) उरला तर मर्यादा दहा लाखांत ६०० भाग. यात नेहमी होणारी एक चूक अशी: प्राण्यांवरच्या चाचण्या एका पद्धतीने बनवलेल्या बॅचवर होतात, नंतर खर्च वाचवायला रसायनशास्त्रज्ञ पद्धत बदलतात आणि नव्या बॅचमध्ये आधी कधीच नसलेली अशुद्धी उगवते. ती प्राण्यांवर तपासलेलीच नसते. मग माणसांवरची चाचणी थांबते आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांचा काही भाग पुन्हा करावा लागतो. म्हणून विषारीपणाच्या चाचण्यांची बॅच रुग्णांना द्यायच्या बॅचपेक्षा जास्त शुद्ध ठेवू नये. हे अजब वाटेल, पण कारण तेच: रुग्णाच्या पोटात जाणारी प्रत्येक अशुद्धी आधी तपासलेल्या मालात हजर असायला हवी.

हे आजचंच नाही. टोरांटोमध्ये ११ जानेवारी १९२२ ला १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचा पहिला अर्क टोचला तेव्हा साखर थोडीच उतरली आणि सुईच्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला, तो लागू पडला. पण मोठ्या प्रमाणावर करायला घेतल्यावर काही आठवडे खुद्द कॉलिप यांनाही प्रभावी अर्क काढता येईना. पुढे एली लिली कंपनीशी करार झाला. तिथले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्डन यांनी द्रावणाची आम्लता नेमकी साधून इन्सुलिन साक्याच्या रूपात खाली बसवण्याची पद्धत बसवली आणि शुद्धता व उत्पादन दोन्ही वाढलं. ‘गोळ्या पाडणं’ म्हणतात ते हे.

“विद्यापीठात शोध तयारच असतो.” तयार असता तर बरं झालं असतं. अॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले निबंध पुन्हा करून पाहिले. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की निष्कर्ष फक्त ६ निबंधांचे टिकले. यात लबाडी क्वचितच असते, बहुतेकदा घाई असते. शोध कंपनीच्या हाती देण्यापूर्वी विद्यापीठाने स्वतःच करायची तपासणी फार महागडी नाही. पेशींची ओळख डीएनएवरून पटवा आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचा संसर्ग नाही याची खात्री करा. रेणू नव्याने, वेगळ्या बॅचमध्ये बनवून तोच परिणाम मिळतो का पाहा, कारण कित्येकदा परिणाम रेणूचा नसून जुन्या बाटलीतल्या अशुद्धीचा असतो. एन्झाइमच्या प्रयोगात ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा साबणासारखा पदार्थ घाला. परिणाम गायब झाला तर रेणू खरं तर गोळे करून एन्झाइमला चिकटत होता, असा संशय घ्या. रचनेने जवळचा पण निष्क्रिय रेणू सोबत चालवा. प्राण्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडा आणि मोजणाऱ्याला कुठला गट कुठला हे कळू देऊ नका. शेवटी हे सगळं दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्या.

“पेटंट म्हणजे ज्ञान लपवणं.” पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी जाहीर होतो आणि त्यात कृती लिहावीच लागते. इन्सुलिनच्या संशोधकांनी आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिले, ते दुसऱ्या कुणी मक्तेदारी करू नये म्हणून. पेटंट नव्हे, कंपनीला शोध वापरू देणाऱ्या परवान्यातल्या अटी ठरवतात की शोध कुणाच्या हातात राहणार.

मात्र सगळंच पेटंटखाली घालणंही चूक आहे. लक्ष्याची रचना, प्रतिपिंडं, तपासणीसाठीचे रेणू ही अवजारं मोकळी ठेवलेलीच बरी. स्ट्रक्चरल जीनोमिक्स कन्सॉर्शियममध्ये विद्यापीठं आणि औषध कंपन्या एकत्र येऊन प्रथिनांच्या रचना पेटंटशिवाय जाहीर करतात. रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या रेणूचं गणित वेगळं आहे: माणसांवरच्या चाचण्यांत पाऊल टाकणाऱ्या दहा औषधांतलं जेमतेम एक मंजुरीपर्यंत पोचतं. संरक्षण नसलेल्या रेणूवर ही जोखीम घ्यायला कुणी सहसा पुढे येत नाही. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, पेटंटच्या अर्जाआधी परिषदेत पोस्टर लावलं किंवा प्रबंध ग्रंथालयात गेला, तर युरोपात बहुधा हक्क गेलाच. अमेरिकेत संशोधकाला एक वर्षाची सूट असते. उलट फार लवकर, एकाच रेणूच्या जोरावर अर्ज केला तर २० वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि शेजारचा रेणू बनवून कुणीही वळसा घालून निघून जातं.

“कंपनीचा पैसा आला की निष्कर्ष विकले जातात.” या मुद्द्यात तथ्य आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात कंपन्यांच्या पैशातून झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष त्यांच्या उत्पादनाच्या बाजूने जास्त वेळा आढळले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात लेव्होथायरॉक्सिन या थायरॉइडवरच्या औषधाच्या वेगवेगळ्या ब्रँडची तुलना १९९० मध्ये पूर्ण झाली. ते ब्रँड सारखेच निघाले आणि पैसे देणाऱ्या कंपनीला ते नको होतं. निबंध छापून आला १९९७ मध्ये. कारण करारात एक कलम होतं: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्धी नाही.

म्हणून पैसा नाकारण्यापेक्षा ते कलम नाकारा. कंपनीला हस्तलिखित ३० ते ६० दिवस आधी वाचायला द्यावं, गोपनीय माहिती आणि पेटंटचा मुद्दा तपासायला, पण नकाराधिकार देऊ नये. पूर्ण डेटाची प्रत विद्यापीठाकडे असावी, फक्त कंपनीने काढलेले तक्ते नकोत. विश्लेषणाची योजना, कुठल्या रुग्णाला कुठलं औषध मिळालं हे उघड होण्याआधी सही करून बंद व्हावी. पहिला रुग्ण दाखल होण्याआधी चाचणीची नोंदणी व्हावी. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकं नोंदणीशिवाय चाचणी छापायला नकार देतात. कंपनीत शेअर असलेल्या संशोधकाने रुग्ण निवडू नयेत आणि त्यांची संमतीही घेऊ नये.

राहिला तो कंपनीने परवाना घेऊन औषध कपाटात ठेवून देण्याचा धोका. तो खरा आहे आणि दाव्यात नेमका तोच सुटलाय. त्यावर उपाय तारखांचा: १८ महिन्यांत अंतिम रेणूची निवड, ३६ महिन्यांत माणसांवरच्या चाचणीचा अर्ज, नाहीतर परवाना रद्द. परवाना संपूर्ण शोधासाठी न देता कंपनी ज्या आजारावर काम करणार आहे तेवढ्यापुरता द्यावा. आणि रद्द झाल्यावर काय परत येणार हे आधीच लिहून घ्यावं. केवळ पेटंट परत आलं तर विद्यापीठाच्या हाती कागद उरतो. विषारीपणाच्या चाचण्यांचे अहवाल, बॅचच्या नोंदी, उरलेला माल आणि नियामकाशी झालेला पत्रव्यवहार सोबत आला, तरच दुसरी कंपनी ते काम मध्यातून उचलू शकते.