डिलिव्हरीचा काटा वर, म्हणून पंप बरा?

थंडी पडली की नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या मेंटेनन्सवाल्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. गरम पाण्याच्या बॉयलरच्या पंपावर डिलिव्हरी (पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं प्रेशर) ३ किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३ किलो, दिसली की पंप ठणठणीत. सक्शन (पंपात शिरणाऱ्या पाण्याचं प्रेशर) आणि डिलिव्हरीतला फरक जितका जास्त तितका पंप जोरात. फरक घटला तर इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) गेला. मजले जास्त तर पंप मोठा.

आधी ते ३ किलो. १० मीटर पाण्याच्या उंचीला साधारण १ किलो प्रेशर पडतं. लूपला जोडलेली गच्चीवरची टाकी पंपापासून १२ मीटर वर असेल, तर पंप बंद असतानाही दोन्ही काटे १.२ वर असायला हवेत. नसतील तर बहुधा गेजच खोटा. म्हणजे ३ मधले १.२ टाकीचेच, पंपाचे नव्हेत. मी तर एकच गेज दोन्हीकडे लावून वाचतो, भांडणच नको.

फरक जास्त म्हणजे पंप जोरात, हे तर साफ उलटं. पाथर्डी फाट्याजवळच्या एका हॉटेलात सक्शन १.२, डिलिव्हरी ३. फरक १.८, म्हणजे १८ मीटर. पंपाच्या कर्व्हवर (किती फ्लोला पंप किती मीटर हेड, म्हणजे प्रेशरची उंची देतो, तो कंपनीचा आलेख) शून्य फ्लोला जवळपास एवढाच हेड होता. पंप जीव तोडून फिरत होता, पाणी जागचं हलत नव्हतं. हीट एक्स्चेंजरच्या (बॉयलरच्या पाण्याची उष्णता खोल्यांच्या पाण्याला देणाऱ्या यंत्राच्या) तोंडाचा स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळी, उघडला तर गंज आणि टेफ्लॉन टेपचा लगदा. साफ केल्यावर डिलिव्हरी २.४ वर आली, खोल्यांत गरम पाणी सुरू झालं आणि मॅनेजर म्हणतात, "अहो, प्रेशर कमी झालं की!"

फरक कमी दिसला तर इम्पेलर झिजलेला असू शकतो, नाही असं नाही. पण मोटर नुकतीच रिवाइंडिंगहून आली असेल तर आधी फेज बघा; वायर अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेला ढकलतो, फक्त मरतुकडं. म्हणून लवकर लक्षात येत नाही. हवा अडकली असली तरी काटा पडतो, पण तेव्हा तो थरथरतो. फेज आणि हवा दोन्ही ठीक असतील तर बर्नर बंद करून डिलिव्हरी व्हॉल्व्ह काही सेकंद पूर्ण बंद करा आणि फरक कर्व्हच्या शून्य फ्लोशी ताडून बघा. जुळला तर इम्पेलरला हात लावू नका; पाणी जास्त वाहतंय, एखादा बायपास उघडा राहिलाय का ते शोधा.

राहिले मजले. बंद लूपमध्ये (तेच पाणी फिरून परत येतं अशा पाइपांच्या फेऱ्यात) वर चढणाऱ्या पाण्याला खाली उतरणारं पाणी तोलून धरतं. पंपाला लढायचं असतं ते पाइप, बेंड आणि व्हॉल्व्हच्या घर्षणाशी.