डबा रांगेत, आम्ही घरी

सांगलीतल्या एका दवाखान्यात लोक टोकन घेतात आणि नंबर पुकारायच्या आत निघून जातात. यावर घरच्या ग्रुपवर दोन दिवस खल चालला होता. दादानं निकाल दिला, "आपल्या लोकांना दमच नाही. तुमच्याकडं बघ, कसे गप उभे राहतात."

आमच्याकडं, म्हणजे कोपनहेगनला! मागच्या सोमवारी आठला डॉक्टरांना फोन लावला, "आपण रांगेत चौदावे" ऐकलं आणि सव्वाआठला ठेवून दिला. तिथं रिकामी खुर्ची दिसते, इथं ठेवलेला फोन कुणाला दिसत नाही, इतकंच.

रांगेचं गणित याच गावचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांगचा पहिला लेख १९०९चा. पण त्याच्या सूत्रात माणूस रांगेत लागला की लागला, नंबर येईस्तोवर हलत नाही. कंटाळून फोन ठेवणारा हिशेबात आणला तो कॉनी पाम या स्वीडिश माणसानं, १९४०च्या दशकात. कंटाळलेला उठतो म्हणून तर मागच्यांचा नंबर लवकर लागतो. मग काउंटरवरचे सांगतात, सरासरी वीस मिनिटंच लागतात. लागणारच, उठून गेलेले त्यात धरलेत कुठं?

जतहून आलेल्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते. किती वेळ लागेल ते त्याला सांगा आणि मग बघा बसतो का. इथं साध्या बेकरीत चिठ्ठी घेतली की भिंतीवरचा आकडा सरकताना दिसतो. (झाली याची बढाई सुरू, दादा म्हणणार.)

तसं लहानपणी आमचंही बरं होतं. रॉकेलच्या रांगेत आमचा डबा उभा, आम्ही घरी. मागच्या काकू तो पायानं पुढं ढकलायच्या आणि नंबर आमचाच राहायचा. इथं आकडा लागला आणि तुम्ही नसलात, की पुढचा.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर एका ओळीचं : "तू कधीच उठून गेलास की."

दोन वर्षांत येतो म्हणून निघालो होतो. विश्रामबागच्या घरातली माझी खोली आता पुतण्याची आहे.

त्या गणितात एक अडचण आहे. उठून गेलेल्याचा दम किती ते कळतं. बसून राहिलेल्याचा कळत नाही, एवढ्याहून जास्त इतकंच. वहिनीनं नंतर वेगळा फोन करून सांगितलं, बुधवारी आईला घेऊन दादा त्याच दवाखान्यात पाच तास बसला होता. मला कुणी कळवलं नव्हतं.

मी दादाच्या मेसेजला अंगठा दिला.