‘हार्मोन्स आहेत, दुर्लक्ष करा’ हा सल्ला पाळू नका

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “चाळिशीनंतर बाई चिडते, ‘माझं असं काय आहे’ म्हणते, ते हार्मोन्समुळे. वर्षभरात आपोआप निवळेल. तोवर दुर्लक्ष करा, एखादा छंद लावून द्या.” हा सल्ला पाळून घरं दुरावतात, म्हणून हे सविस्तर.

“हार्मोन्समुळे.” अर्धंच खरं. पाळी जाण्याआधी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वरखाली होतं, झोप मोडते, नैराश्याचा धोकाही वाढतो. आधी नैराश्य येऊन गेलेल्यांना जास्तच. पण थायरॉइड मंदावला किंवा हिमोग्लोबिन घसरलं तरी असाच थकवा येतो. त्यामुळे टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि सीबीसी (हिमोग्लोबिनसाठी) या रक्ततपासण्या करून घ्या. पंचेचाळिशीनंतर एफएसएच हे पाळीशी संबंधित हार्मोन तपासण्याची सहसा गरज नसते. तो आकडा या काळात सतत बदलतो, निदान लक्षणांवरून होतं.

“वर्षभरात आपोआप.” सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. त्याआधीचा चढउतार बऱ्याचदा चार-पाच वर्षं चालतो. दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं झालंय असं ती बोलली, तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी.

“छंद लावून द्या.” सगळ्यात मोठी चूक इथे आहे. तिच्या डोक्यावरचं एकही ओझं न उतरवता त्यात छंदाची भर! आधी आठवडाभर घरातलं प्रत्येक काम लिहा आणि पुढे तीन रकाने आखा: कोणाच्या लक्षात येतं, कोण ठरवतं, कोण करतं. नवरा, मुलं तिसऱ्या रकान्यात दिसतील; पहिले दोन बहुधा तिच्याच नावाने भरतील. “सांग ना, मी करतो” याने काहीच हलकं होत नाही, कारण लक्षात ठेवणं तिच्याकडेच राहतं. काम द्यायचं तर अख्खं द्या. सासूबाईंची औषधं म्हणजे गोळ्या संपत आल्याचं बघणं, चिठ्ठी जपणं, तपासणीची तारीख घेणं, सगळं. पहिले काही आठवडे चुका होतील आणि तिचा हात आपोआप पुढे जाईल. बहुतेक घरांत गाडी इथेच पुन्हा जुन्या वळणावर जाते. जिवाशी संबंध असलेल्या चुका तेवढ्या थांबवा, बाकीच्या ज्याच्या त्याला निस्तरू द्या. एका वेळी दोनच कामं, किमान दोन महिने, आणि मधे हिशेब काढून भांडायचं नाही.